वाटेवरचा मुक्काम : लहान गावांची जबाबदारी

पायी यात्रा करणाऱ्याचा दिवस चालण्यात जातो. परंतु त्याची खरी चिंता दिवस कलू लागला की सुरू होते. आज पाठ कोठे टेकायची, हा प्रश्न तीर्थाच्या गावी फारसा पडत नाही. तेथे धर्मशाळा असतात, मठ असतात, भाड्याच्या खोल्या असतात. वाटेवरच्या हजार-पाचशे वस्तीच्या गावात यांपैकी काहीच नसते. तरीही यात्रेच्या बहुतेक रात्री अशाच गावांत काढाव्या लागतात.

वर्धा जिल्ह्याला पायी यात्रेची परंपरा जुनी आहे. सेलू तालुक्यातील घोराड हे संत केजाजी महाराजांचे गाव विदर्भातील वारकऱ्यांचे श्रद्धास्थान आहे. जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावर, अमरावती जिल्ह्यात, कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते प्रसिद्ध असून तेथून पंढरपूरला जाणारी रुक्मिणीची पालखी संत सदाराम महाराजांनी १५९४ साली सुरू केली, असे परंपरा सांगते. अशा मानाच्या पालख्यांचे मुक्काम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात आणि गावे त्यांची वाट पाहतात. त्यांच्याबरोबरच वीस, तीस, चाळीस जणांच्या लहान दिंड्याही गावोगावहून निघतात. त्यांच्यापुढे नगारखाना नसतो आणि मागे मालमोटारींचा ताफाही नसतो. निवाऱ्याचा प्रश्न सर्वांत बिकट होतो तो अशा दिंड्यांचा.

तीस रात्रींचा हिशेब

वर्ध्याहून देवळी, कळंब, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर आणि सोलापूर या मार्गाने पंढरपूर सुमारे सहाशे किलोमीटर पडते. वृद्ध माणसे व स्त्रिया बरोबर असताना दिवसाकाठी वीस किलोमीटरची चाल समाधानकारक समजावी. म्हणजे दिंडीला तीस रात्री वाटेत काढाव्या लागतात. यांतील पाचसहा रात्री मोठ्या गावांत जातात; उरलेल्या चोवीस-पंचवीस रात्री लहान खेड्यांच्या भरवशावर असतात.

यांपैकी एखाद्या गावी जागा मिळाली नाही तर काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास दिंडी गावात येते. मंदिराचा मंडप आधीच कोणा कार्याला दिलेला असतो. शाळेला कुलूप असते आणि किल्ली असलेले शिक्षक तालुक्याच्या ठिकाणी राहतात. दिंडी पुढचे गाव गाठण्याचे ठरवते. ते सातआठ किलोमीटरवर असते आणि वाटेत अंधार पडतो. पावसामुळे कडेची माती निसरडी झालेली असल्याने माणसे डांबरी रस्त्यावरून चालू लागतात. दिवसभराच्या चालीने थकलेली ही माणसे वेगाने येणाऱ्या वाहनांच्या वाटेत येतात. जागा नाकारली गेली याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता राहत नाही. तो जिवावर बेतू शकतो. म्हणून निवाऱ्याकडे पाहुणचाराबरोबरच सुरक्षिततेचा विषय म्हणूनही पाहिले पाहिजे.

जुनी सोय का मोडली

मध्य प्रांताच्या काळात वर्धा जिल्ह्यात मालगुजारी पद्धती होती. गावात मालगुजाराचा वाडा असे आणि आल्यागेल्याची सोय पाहणे हा त्या घराचा लौकिक समजला जाई. वाड्याची पडवी, धान्याचे कोठार, मंदिराची ओसरी किंवा चावडी यांपैकी एक जागा यात्रेकरूला मिळत असे. ही पद्धती १९५१ साली संपुष्टात आली आणि ते योग्यच झाले. कारण तिच्यात कुळांचे शोषण होते. मात्र वाड्याकडून होणारी ही सोय पुढे कोणी करावयाची, हे कोठेच लिहिले गेले नाही. काही गावांत भजनी मंडळाने ती उचलली, काही गावांत एखाद्या कुटुंबाने. ते कुटुंब शहरात गेले किंवा घरातील वडीलधारे माणूस निवर्तले की तो मुक्काम तुटतो. दिंडी पुढच्या वर्षी नेहमीच्या दाराशी येते आणि दार बंद असते.

रस्त्यांच्या सुधारणेमुळेही एक बदल घडला आहे. पूर्वीचा रस्ता गावातून जात असे. आता चौपदरी महामार्ग वळणमार्गाने गावाबाहेरून जातात. रस्त्याने चालणाऱ्या दिंडीला गाव दिसत नाही आणि गावालाही दिंडी आल्याचे कळत नाही. आगाऊ निरोपाची गरज त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढली आहे.

धर्मशाळांच्या बाबतीत वऱ्हाडने महाराष्ट्राला मोठी देणगी दिली. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना पंढरपुरात आसरा मिळत नव्हता, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. या धर्मशाळांनी यात्रेच्या शेवटच्या टोकाचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. मधल्या वाटेवर दर वीस किलोमीटरला धर्मशाळा बांधणे कोणालाच शक्य नाही आणि वर्षातून दोनचार रात्रींसाठी तशी आवश्यकताही नाही. गावात असलेली जागा वेळेवर उघडी मिळाली तरी पुरे होते.

आगाऊ शब्दाचे महत्त्व

जागा वेळेवर उघडी मिळण्यासाठी आगाऊ शब्द गेला पाहिजे. याची उत्तम उदाहरणे वर्धा जिल्ह्याशी निगडित असलेल्या दोन महापुरुषांच्या पदयात्रांत सापडतात. १९३० साली महात्मा गांधी साबरमतीहून दांडीस निघाले तेव्हा गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ‘अरुण तुकडी’ पुढे जाऊन मुक्कामाच्या गावांची तयारी पाहत असे. सत्याग्रही आपले अंथरूण बरोबर आणतील, गावाने विश्रांतीसाठी स्वच्छ जागा व अगदी साधे जेवण द्यावे, अशा सूचना गांधीजींनी आधीच दिल्या होत्या. आपल्याकडून काय अपेक्षित आहे व काय नाही, हे त्यामुळे प्रत्येक गावाला ठाऊक होते. पुढे १९३६ साली गांधीजी सेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास आले.

आचार्य विनोबा भावे मार्च १९५१ मध्ये वर्धा परिसरातून हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. संमेलन आटोपल्यावर तेलंगणातून जात असता १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली येथे त्यांना भूदानाची पहिली जमीन मिळाली. त्यानंतर तेरा वर्षे चाललेली त्यांची पदयात्रा १९६४ साली पवनार येथे परतली. या काळातील त्यांचे बहुतेक मुक्काम खेड्यांत पडले. १९६२ साली सतीश कुमार व ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टनकडे पदयात्रेस निघाले, तेव्हा विनोबांनी त्यांना जवळ पैसा न बाळगण्याचा सल्ला दिला. पैसा असला तर थकलेला माणूस खाणावळ व भाड्याची खोली शोधतो. नसला तर त्याला कोणाच्या तरी दाराशी जाऊन बोलावे लागते, असा त्यामागील विचार होता. निवारा मागणे हा दोन अनोळखी माणसांच्या परिचयाचा आरंभ असतो, हे त्यांना तेथे अभिप्रेत होते. मात्र दोन तरुण जसे अनाहूत जाऊ शकतात, तशी चाळीस जणांची दिंडी जाऊ शकत नाही. तिला आधी शब्द पाठवावा लागतो.

मुक्कामाची नोंद ठेवणेही मराठी परंपरेला नवीन नाही. महानुभाव पंथाच्या ‘स्थानपोथी’ या प्राचीन ग्रंथात श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले त्या स्थळांचे तपशीलवार वर्णन आहे. दीर्घ काळचे वास्तव्य ते ‘अवस्थान’, रात्रीचा मुक्काम तो ‘वसति’ आणि बसण्याचे ठिकाण ते ‘आसन’, असा भेदही पंथाने केला. ती नोंद श्रद्धेपोटी झाली. गावाने व्यवहारासाठी ठेवावयाची नोंद यापेक्षा पुष्कळच सोपी आहे.

मागे राहिलेल्याचे अंथरूण

युरोपात स्पेनमधील सांतियागो या तीर्थाकडे जाणारी पदयात्रा जगप्रसिद्ध आहे. २०२४ साली ती पूर्ण करून प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. त्या वाटेवर गावोगावी यात्रेकरूंसाठी निवासगृहे आहेत. यात्रेकरू स्वतःजवळ एक पुस्तिका बाळगतो व प्रत्येक मुक्कामी तिच्यावर शिक्का घेतो. सार्वजनिक निवासगृहांत सामान्यतः आगाऊ नोंदणी होत नाही. जो आधी पोहोचेल त्याला खाट मिळते आणि तीही एका रात्रीपुरती. यामुळे गर्दीच्या दिवसांत अनेक जण पहाटे अंधारातच निघून खाट गाठण्यासाठी धावपळ करतात. मग पायाला फोड आलेला किंवा वयामुळे सावकाश चालणारा यात्रेकरू मागे पडतो आणि त्याची खाट दुसऱ्याला जाते.

दिंडीची पद्धत याहून वेगळी आहे. दिंडीप्रमुख सर्वांच्या वतीने एकच शब्द टाकतो आणि जागा मिळाली की ती सर्वांना मिळते. सर्वांत पुढे असलेल्या पताकाधाऱ्याला आणि सर्वांत मागून काठी टेकत येणाऱ्या आजीला सारखेच अंथरूण लाभते. या पद्धतीचे हे मोठे बळ आहे. पण ते त्या एका शब्दावर अवलंबून असते. तो शब्द वाया गेला तर सर्वांचीच रात्र उघड्यावर जाते आणि त्याचा सर्वाधिक त्रास त्या आजीलाच होतो.

तिथी, तारीख आणि शाळेची किल्ली

दिंडीचे वेळापत्रक तिथीवर चालते, तर शाळेचे व कचेरीचे तारखेवर. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते व साधारण दर तिसऱ्या वर्षी अधिक मास येतो. त्यामुळे आषाढी एकादशी कधी जूनच्या अखेरीस, तर कधी जुलैच्या उत्तरार्धात पडते. २०२३ साली ती २९ जूनला, २०२४ साली १७ जुलैला, तर २०२५ साली ६ जुलैला होती. २०२६ च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ असल्याने ती २५ जुलैला येते. २०२३ व २०२६ या दोन वर्षांत सव्वीस दिवसांचे अंतर पडते.

याचा शाळेच्या जागेशी थेट संबंध आहे. उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा सुरू होतात. २०२४ साली त्या १ जुलैला, तर २०२५ साली २३ जूनला उघडल्या. एकादशी लवकर असेल त्या वर्षी वर्ध्याची दिंडी मेअखेरीस निघते. तेव्हा शाळा रिकाम्या असतात. पण किल्ली गावात नसते आणि ऊन कडक असते. एकादशी उशिरा असेल त्या वर्षी दिंडी वाटेत असतानाच वर्ग भरू लागतात. तेव्हा किल्ली असते; पण जागा शाळा सुटल्यानंतरच मिळू शकते आणि सकाळी वर्ग भरण्यापूर्वी ती झाडून परत द्यावी लागते. पाऊसही त्याच सुमारास स्थिरावलेला असतो. म्हणून ग्रामपंचायतीने चैत्रातच पंचांग पाहून त्या वर्षीच्या मुक्कामाची तारीख काढावी व मुख्याध्यापकांना कळवावी. सुटी लागण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीची संमती घेऊन एक किल्ली गावातील जबाबदार व्यक्तीकडे ठेवल्यास अर्धे काम होते.

गावाने करावयाची तयारी

तयारी खर्चाची नाही, हिशेबाची आहे. प्रौढ माणसाला अंथरूण पसरण्यास साडेसहा फूट लांब व अडीच फूट रुंद जागा लागते. मधली वाट धरून माणशी वीस चौरस फूट पुरतात. म्हणजे चाळीस जणांना आठशे चौरस फूट, अर्थात वीस फूट लांब व तितक्याच रुंद अशा दोन खोल्या लागतील. दिंडीत स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांची खोली स्वतंत्र असावी व तिला आतून कडी लागावी. गावातील शाळा, समाजमंदिर, सभामंडप व ग्रामपंचायतीची इमारत यांचे असे मोजमाप एकदा करून ठेवावे. पावसात कोणते छत गळते, हेही त्यात लिहावे.

आपत्तीच्या वेळी मदतकार्य करणाऱ्या संस्था माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक शौचालय हे प्रमाण मानतात. एका रात्रीच्या मुक्कामालाही हाच हिशेब उपयोगी पडतो. चाळीस जणांना सहाशे लिटर पाणी व दोन शौचालये लागतात. पिण्याच्या पाण्यात जलसुरक्षकाने टीसीएल पावडर टाकून ओ.टी. चाचणी घ्यावी. शाळेचे शौचालय शाळेबरोबरच कुलूपबंद राहते, याचा अनेकदा विसर पडतो. त्याची किल्ली व पाणी यांची खात्री आधी करावी. अन्यथा स्त्रियांना अंधारात रस्त्याकडेला जावे लागते.

जमिनीवर झोपणाऱ्याला पावसाळ्यात सर्पदंशाचे भय असते. विशेषतः मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश झोपेत पुष्कळदा जाणवतही नाही. खोलीभोवतीचे गवत व विटादगडांचे ढीग काढावेत, दाराखालची फट बुजवावी आणि रात्रभर एक दिवा ठेवावा. ज्यांना जमिनीवरून उठणे कठीण जाते अशा वृद्धांसाठी शेजारच्या घरांतून चारदोन खाटा मिळवाव्यात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा व रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

या सर्वांसाठी ग्रामपंचायतीत मुक्कामाची एक साधी नोंदवही पुरेशी आहे. दिंडीचे नाव व गाव, दिंडीप्रमुखाचा संपर्क, तिथी व तारीख, स्त्रिया व पुरुष यांची संख्या, दिलेली जागा, किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचे नाव आणि ती जागा न मिळाल्यास दुसरी कोणती, एवढेच रकाने तिच्यात असावेत. सरपंच बदलला, शिक्षकांची बदली झाली किंवा आतिथ्य करणारे कुटुंब गाव सोडून गेले, तरी नोंदवही दप्तरात राहते आणि गावाने दिलेला शब्दही राहतो. पोलीस पाटलांना या नोंदीची प्रत दिल्यास रात्रीच्या बंदोबस्ताचीही सोय होते.

दिंडीने पाळावयाची पथ्ये

शब्द दोन्ही बाजूंनी पाळावयाचा असतो. दिंडीप्रमुखाने महिनाभर आधी पत्राने वा दूरध्वनीने कळवावे व दोन दिवस आधी पुन्हा आठवण द्यावी. चाळीस जण सांगून साठ जण नेऊ नयेत. मार्ग बदलला किंवा मुक्काम रद्द झाला तर तेही कळवावे. कारण गावाने पाणी भरून ठेवलेले असते आणि अनेकदा स्वयंपाकही केलेला असतो. वर्गखोलीत चूल किंवा गॅसची शेगडी पेटवू नये. फळ्यावरील व भिंतीवरील मुलांचे काम पुसू नये. पहाटे निघण्यापूर्वी खोली झाडून, शौचालय धुऊन किल्ली ज्याची त्याच्या हाती द्यावी. ज्या शाळेला हा अनुभव एकदा चांगला येतो, तिचे दार पुढच्या वर्षी आपणहून उघडते.

जागा देताना जात, पंथ वा धर्म विचारला जाऊ नये, हे वर्धा जिल्ह्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले होण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. ज्या जिल्ह्याने देवळाचे दार त्याच्या एकोणीस वर्षे आधी उघडले, त्या जिल्ह्यातील मंडपात रात्रीपुरती पथारी टाकणाऱ्याला कोणी अडवू नये.

पायी यात्रेची वाट अनेक गावांनी मिळून धरून ठेवलेली असते. एका गावाचे दार बंद राहिले तर तिचा भार पुढच्या गावावर पडतो आणि पायपीट वाढते ती थकलेल्यांची. येत्या ग्रामसभेत अर्धा तास काढून आपल्या गावातून कोणत्या दिंड्या जातात, त्या कोणत्या तिथीला येतात आणि त्या रात्री किल्ली कोणाकडे असेल, एवढे ठरवून नोंदवहीत लिहिले गेले, तर यंदाच्या पावसात त्या गावाच्या हद्दीत कोणाला अंधारात रस्त्याने पुढे जावे लागणार नाही.